जहाजावरची खोली : पुढचा गाळा घ्यावा की आतला?



आपल्या कापडाच्या धंद्यात पूर्वी वर्षाचे टार्गेट पूर्ण करणाऱ्या दुकानदाराला कंपनीकडून घड्याळ, मिक्सर किंवा फार तर चांदीचे नाणे मिळत असे. आता स्कीममध्ये सहली असतात आणि अलीकडे त्यात जहाजाची सफरही असते. मुंबईहून निघायचे, दोन-तीन रात्री समुद्रावर काढायच्या आणि परत यायचे. ज्यांना स्कीममध्ये मिळत नाही तेही सीझन चांगला गेला की घरच्यांना घेऊन निघतात. नाशिकहून मुंबईची गोदी चार-पाच तासांवर आहे, त्यामुळे ही गोष्ट आता आपल्या आवाक्यातली झाली आहे.

पण तिकीट काढायला बसले की एक प्रश्न हमखास अडवतो. एजंट विचारतो, "आतली खोली देऊ, खिडकीची देऊ की बाल्कनीची?" आतली सर्वांत स्वस्त, खिडकीची त्याहून महाग, बाल्कनीची आणखी महाग आणि सुइट तर विचारूच नका. अशा वेळी आपले लोक दोनपैकी एक चूक करतात. काही जण मान राखायला महाग खोली घेतात, काही जण डोळे मिटून स्वस्त घेतात. मी दुसरी चूक केली. ती मला कितीला पडली ते पुढे सांगतोच. आधी सौदा समजून घेऊ.

दुकान की गोदाम?

आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी गाळा भाड्याने घेतला आहे. मार्केटमध्ये रस्त्यावरचा गाळा आणि त्याच इमारतीतला आतला गाळा, क्षेत्रफळ तेच, फरशी तीच, शटर तेच, पण भाड्यात मोठा फरक. का? कारण रस्त्यावरच्या गाळ्यासमोरून गिऱ्हाईक जाते. साड्यांचे दुकान टाकायचे असेल तर पुढचा गाळा जास्त भाडे देऊनही परवडतो. पण ग्रे कापडाची थाने ठेवायची असतील तर पुढच्या गाळ्याचे भाडे भरणारा माणूस वेडा. गोदामाला रस्ता कशाला पाहिजे?

जहाजावरची खोली हा असाच गाळा आहे. समुद्राची बाजू म्हणजे रस्त्याची बाजू. तेव्हा पहिला प्रश्न "परवडते का" हा नाही. पहिला प्रश्न असा, की ही खोली तुमच्यासाठी दुकान आहे की गोदाम? तिथे जागेपणी बसून वेळ काढायचा आहे, की फक्त सामान टाकून झोपायचे आहे? याचे उत्तर प्रत्येक माणसाचे वेगळे असते. एकाच घरातल्या दोन माणसांचेही वेगळे असते. सगळा धडा इथेच आहे.

आतल्या खोल्या असतातच कशाला?

जहाज रुंद असते. दोन्ही बाजूंना समुद्राकडे तोंड करून खोल्यांची एकेक रांग लावली, तरी मधला भाग उरतो. तिथे खिडकी निघणार नाही. पण ती जागा रिकामी ठेवली तर कंपनीचे नुकसान, म्हणून मधल्या भागात खिडकी नसलेल्या खोल्या बांधतात आणि कमी भावाने विकतात. कापडात दोष म्हणून कटपीस स्वस्त असतो, तसे हे नाही. माल तोच आहे, फक्त जागा मधली आहे.

जुन्या नाशकातल्या वाड्यांत हाच प्रश्न चौक ठेवून सोडवलेला दिसतो. मधे उघडा चौक आणि त्याच्या भोवती खोल्या, म्हणजे आतल्या खोलीलाही उजेड. जहाज बांधणाऱ्यांनाही ही युक्ती सुचली, पण फार उशिरा. १९९९ साली रॉयल कॅरिबियन कंपनीच्या 'व्हॉयेजर ऑफ द सीज' या जहाजात आतल्या काही खोल्यांना जहाजाच्या पोटातल्या बाजारपेठेकडे उघडणाऱ्या खिडक्या दिल्या. २००९ मध्ये त्याच कंपनीच्या 'ओअ‍ॅसिस ऑफ द सीज' जहाजाच्या मध्यभागी चक्क उघडी बाग केली आणि तिच्याकडे तोंड करून बाल्कन्या काढल्या. २०११ मध्ये डिस्ने कंपनीने आपल्या जहाजात आतल्या खोल्यांच्या भिंतीवर गोल पडदे बसवले. बाहेर कॅमेरा, आत पडद्यावर समुद्र. एवढा खर्च कंपन्या उगाच करत नाहीत. माणसाला बंद भिंत सलते हे त्यांना ठाऊक आहे.

आपल्या किनाऱ्यावर मुंबई-गोवा मार्गाने २०१८ मध्ये 'आंग्रिया' हे छोटे जहाज सुरू झाले, पण ते फार काळ टिकले नाही. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' मुंबईहून सुटू लागले. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले आहे. त्या काळच्या जहाजांत बाल्कनीच्या खोल्या थोड्या असत. बाल्कन्यांची रेलचेल झाली ती त्यानंतरच्या जहाजांत. म्हणून जुन्या जहाजावर खरी निवड आतली खोली आणि खिडकीची खोली या दोनमध्येच होते. बाल्कनी मोजक्या महाग सुइटना असते. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या गोदीत आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचेही उद्घाटन झाले. म्हणजे हा प्रश्न पुढे आणखी घरांत विचारला जाणार आहे.

पैसे भरून नेमके काय मिळते?

आतली खोली : पलंग, कपाट, न्हाणीघर, वातानुकूलन, टीव्ही. जुन्या जहाजावर साधारण सव्वाशे चौरस फूट, नव्यावर थोडी मोठी. दिवा घालवला की भर दुपारीही काळोख.

खिडकीची खोली : बहुतेक वेळा आकार जवळपास तेवढाच आणि सामानही तेच. जास्त मिळतो तो उजेड आणि देखावा. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ही खिडकी उघडत नाही. काच पक्की बसवलेली असते. तेव्हा "मोकळी हवा मिळेल" म्हणून खिडकीचे पैसे भरणारा फसतो. हवा यंत्राचीच, दोन्हीकडे सारखी.

बाल्कनीची खोली : दार उघडून बाहेर उभे राहता येते. खरी हवा मिळते ती इथेच.

सुइट : जागा मोठी, बसायला वेगळी बैठक आणि चढताना-उतरताना काही सवलती.

आणि काय सारखे मिळते तेही लक्षात घ्या. जेवणाची मुख्य जागा, करमणुकीचे सभागृह, वरचा उघडा डेक, पोहण्याचा तलाव हे सर्वांना सारखेच. परदेशातल्या काही मोठ्या जहाजांवर सुइटवाल्यांसाठी वेगळे भोजनगृह असते, पण आपल्याकडच्या छोट्या सफरीत असा भेद फारसा नसतो. स्वस्त खोलीतला माणूस त्याच डेकवर उभा राहून तोच सूर्यास्त पाहतो. बंदराची फी तर माणशी असते. खोली कोणतीही घ्या, ती तेवढीच. त्यामुळे जाहिरातीतला आतल्या खोलीचा दर वाचून खूश होऊ नका. फी, कर आणि सेवेचा आकार मिळवल्यावर महाग आणि स्वस्त खोलीतले अंतर टक्केवारीने कमी होते. नेहमी एकूण बिल एकूण बिलाशी ताडून पाहावे. हे आपल्याला शिकवायला नको. भाव विचारताना आपण "जीएसटी आणि भाडे धरून सांगा" असे म्हणतोच.

आजोबांचा बंक

समुद्राचा प्रवास आपल्या घरांना नवा नाही. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाहला हजची जहाजे जात. मुगल लाइन ही त्यातली जुनी कंपनी. १८७७ मध्ये दुसऱ्या नावाने ती निघाली आणि १९८६ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. मुंबई ते जेद्दाह सुमारे २,३०० सागरी मैल. जायला आठवड्याहून अधिक दिवस लागत.

माझे आजोबा १९८२ साली जहाजाने हजला गेले. मी तेव्हा लहान होतो. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात आमचे सगळे कुटुंब त्यांना सोडायला गेले होते. आजोबांचे तिकीट स्वस्त वर्गाचे, म्हणजे बंकचे होते. खालच्या भागात लोखंडी बंकांच्या रांगा, त्यातला एक त्यांचा. परत आल्यावर त्यांनी जे सांगितले ते मला अजून आठवते. ते म्हणाले, की बंकवर मी फक्त पाठ टेकायला जात असे, सगळा दिवस वर डेकवर गेला. मात्र बंक जिन्याजवळ मिळाला हे माझे नशीब. ज्यांचा बंक टोकाला होता ते दोन दिवस उलट्या करत पडून होते.

आजोबांनी चाळीस वर्षे कापड विकले. जागेचा भाव आणि जागेचा उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कळत होते. मला ते ऐकूनही कळले नाही.

माझी चूक

तीन-चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात मी घरच्यांना घेऊन मुंबईहून दोन रात्रींच्या सफरीला गेलो. आम्ही चौघे होतो. मी, माझी पत्नी, मुलगा आणि माझी अम्मी. अम्मीचे वय तेव्हा शहात्तर. खरे तर सफर तिच्यासाठीच होती. १९८२ मध्ये तिने गोदीवर उभे राहून सासऱ्यांचे जहाज जाताना पाहिले होते आणि तेव्हापासून तिच्या मनात होते की एकदा आपणही जहाजात बसावे.

मी दोन्ही खोल्या आतल्या घेतल्या. एकीत मी आणि मुलगा, दुसरीत अम्मी आणि पत्नी. बारा-तेरा हजार वाचले याचा मला आनंद होता. एजंटने सुचवले होते की म्हातारे माणूस आहे, एक खोली खिडकीची घ्या. मला वाटले, हा आपले कमिशन वाढवतोय. गिऱ्हाईकाला आपणही म्हणतो ना, "थोडे वरचे घ्या, टिकाऊ आहे", तसेच.

पहिल्या रात्री साडेतीनच्या सुमारास अम्मीला जाग आली. खोलीत मिट्ट काळोख. घरी तिला खिडकीच्या उजेडावरून वेळ कळते. रात्र आहे, पहाट होते आहे की उजाडले, हे ती डोळे उघडताच सांगते. इथे काहीच कळेना. फज्रची वेळ निघून गेली असे तिला वाटले. पत्नी गाढ झोपेत होती, तिला उठवायला नको म्हणून अम्मी स्वतःच उठली. दिव्याचे बटण सापडले नाही आणि पलंगाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटला. चाचपडत तिने दार उघडले. बाहेर बोळ, दिवसरात्र सारखाच पिवळा उजेड आणि दोन्ही बाजूंना एकसारखी दारे. चार पावले गेली आणि आपले दार कोणते हे विसरली.

सफाई करणाऱ्या एका मुलाने तिला बोळाच्या टोकाला भिंतीला धरून उभी असलेली पाहिले. त्याने नाव विचारून खाली चौकशी केली आणि मला फोन आला. मी धावत गेलो. ती रडत नव्हती. तिने एवढेच विचारले, "बेटा, उजाला कब होगा?"

त्यानंतर ती खोलीत जायला तयार होईना. मी तिला वरच्या मजल्यावर मोठ्या काचेजवळच्या खुर्चीवर नेऊन बसवले आणि आम्ही तिथेच पहाटेची वाट पाहिली. हळूहळू समुद्र दिसू लागला. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, "समंदर तो यहाँ है बेटा, हमको अंदर क्यूँ रखा?"

सकाळी मी खोली बदलून मागितली. जहाज भरलेले होते, खिडकीची एकही खोली शिल्लक नव्हती. त्यात जहाजवाल्यांचा काही दोष नाही. मी जे विकत घेतले तेच मला मिळाले होते. दुसरी रात्र तिने दिवा चालू ठेवून बसून काढली. आता तिचे गुडघे तिला दोन जिनेही चढू देत नाहीत. दुसऱ्यांदा असा प्रवास होईल असे वाटत नाही.

यात एक गोष्ट नीट पाहा. आतल्या त्याच खोलीत मी आणि माझा मुलगा मजेत झोपलो. आम्हाला काहीही खटकले नाही, उलट काळोखात झोप छान लागली. म्हणजे आतली खोली वाईट नव्हती. ती अम्मीसाठी वाईट होती. आणि दोन्ही खोल्या खिडकीच्या घेण्याचीही गरज नव्हती. एक खिडकीची, एक आतली, एवढे केले असते तर सहा-साडेसहा हजारांत काम झाले असते. पण आपल्या डोक्यात असते की एका घराचे म्हणजे एकच भावाचे घ्यायचे, जसे लग्नात सगळ्या मुलांना एकाच थानातून कपडे शिवतात.

माझ्या ओळखीच्या मालेगावच्या एका यंत्रमाग मालकाची गोष्ट नेमकी उलटी. कंपनीच्या सहलीत आतली खोली फुकट होती. बाकीच्यांत कमी दिसू नये म्हणून त्याने पदरचे पैसे भरून बाल्कनी घेतली. दिवसा बैठका, संध्याकाळी जेवणावळ, रात्री उशिरापर्यंत गप्पा. दोन दिवसांत बाल्कनीचे दार एकदाच उघडले, तेही फोटोसाठी. त्याने गोदामासाठी पुढचा गाळा घेतला आणि मी दुकानासाठी आतला घेतला. नुकसान दोघांचेही.

तासांचा हिशेब

आता हा हिशेब कागदावर करू. खालचे रुपये केवळ समजण्यासाठी धरले आहेत. दर हंगामाप्रमाणे बदलतात, ते तुम्ही चौकशी करून घाला.

समजा जहाज संध्याकाळी ५ ला सुटते आणि दोन रात्रींनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ९ ला परत येते. एकूण ४० तास. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. म्हणजे पहिल्या दिवशी उजेडाचा १ तास, दुसऱ्या दिवशी ११, तिसऱ्या दिवशी २. एकूण १४ तास. उरलेले २६ तास खिडकीबाहेर काळोख असतो. तेवढा वेळ खिडकी आणि भिंत यांत फरक नाही.

खिडकीच्या खोलीला माणशी ३,००० रुपये जास्त पडतात असे धरा. दोघांचे ६,०००.

तरुण जोडपे : दिवसभर डेकवर, जेवणात, मुलांच्या मागे. उजेडाच्या १४ तासांपैकी खोलीत जागेपणी २ तास, अंघोळ आणि कपडे बदलण्यापुरते. ६,००० भागिले २, म्हणजे खिडकीचा तास ३,००० रुपयांना पडला.

वयस्कर माणूस : जेवायला बाहेर, थोडे वर बसणे, बाकी खोलीत पडून. १४ पैकी १० तास खोलीत. ६,००० भागिले १०, म्हणजे तास ६०० रुपयांना.

माल तोच आणि किंमतही तीच, पण एकाला पाचपट महाग पडला. गोव्यात किंवा दुसऱ्या बंदरात उतरून फिरायचे असेल, तर तेवढे तास वजा करा. उतरून फिरणाऱ्याला खिडकी आणखी महाग पडेल आणि जो उतरणारच नाही त्याला आणखी स्वस्त.

हिशेबात न बसणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे रात्री घाबरून उठणारा माणूस. ज्याला बंद जागेत जीव घाबरा होतो, ज्याला वेळ-जागेचा गोंधळ होतो, त्याच्यासाठी भागाकार करत बसू नका. त्याला खिडकी घ्या. तेवढे पैसे नसतील तर सफर पुढच्या वर्षावर ढकला.

जागा कुठली, हे भावाइतकेच महत्त्वाचे

आजोबांच्या जिन्याजवळच्या बंकाची गोष्ट इथे उपयोगी पडते. जहाज डोलते तेव्हा पुढचे आणि मागचे टोक जास्त वर-खाली होते आणि वरचे मजले जास्त झुलतात. सर्वांत कमी हालचाल मध्यभागी, खालच्या मजल्यांवर. म्हणून उलट्यांचा त्रास होणाऱ्याने टोकाची किंवा अगदी वरची महाग खोली घेऊ नये. मधली, खालची आणि स्वस्त खोलीच त्याला मानवेल. क्षितिजाकडे पाहिल्याने मळमळ कमी होते हेही खरे, पण त्यासाठी डेकवर जाता येते. अरबी समुद्र नोव्हेंबर ते मार्च बराच शांत असतो. पावसाळ्यात तो खवळतो. म्हणूनच पूर्वी कोकणच्या बोटीही पावसाळ्यात बंद ठेवत.

खोलीच्या वर काय आहे, खाली काय आहे, हे नकाशात पाहा. वर स्वयंपाकघर असेल तर पहाटे भांडी वाजतात, खाली गाण्या-बजावण्याचे सभागृह असेल तर मध्यरात्रीपर्यंत झोप नाही. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील ती जागा शांत. गुडघ्यांचा त्रास असेल तर लिफ्ट जवळ हवी, पण अगदी लागून नको, लोकांचा वावर रात्रभर असतो.

खिडकी घेणार असाल तर बाजू विचारा. मुंबईहून गोव्याकडे जाताना जहाजाचे तोंड दक्षिणेला असते. डावी बाजू किनाऱ्याकडे, म्हणजे सूर्योदयाची. उजवी बाजू खुल्या समुद्राकडे, म्हणजे सूर्यास्ताची. परत येताना उलटे. आणि खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली नाही ना, हे अवश्य विचारा. अशा खोल्या खिडकीच्या म्हणून विकतात, पण दिसते फक्त होडीचे बूड. भाव त्याप्रमाणे कमी असेल तर हरकत नाही, उजेड तरी येतो.

नमाजाबद्दल एक सूचना. जहाज दिशा बदलत असते आणि लोखंडी भिंतींमुळे फोनमधले होकायंत्र चुकते. बंद खोलीत सूर्यही दिसत नाही. वरच्या डेकवर जाऊन दिशा समजून घ्यावी किंवा स्वागत कक्षात जहाजाची दिशा विचारावी. वेळेसाठी साधे गजराचे घड्याळ सोबत ठेवावे. जेवणातल्या मांसाबद्दल तिकीट काढण्यापूर्वीच विचारावे, ताटावर बसल्यावर नव्हे.

आतली खोली घेतलीच तर

१. बॅटरीवरचा लहान रात्रीचा दिवा न्या आणि न्हाणीघराच्या दारापाशी ठेवा.

२. बऱ्याच जहाजांवर टीव्हीच्या एका वाहिनीवर बाहेरच्या कॅमेऱ्याचे चित्र चालू असते. आवाज बंद करून ती लावून ठेवा. काळोख म्हणजे रात्र, उजेड म्हणजे दिवस. ही युक्ती मला दुसऱ्या रात्री कळली.

३. वयस्कर माणसाला पहिल्याच दिवशी दिव्याचे बटण हाताने दाखवा आणि दाराबाहेर ओळखीची खूण, एखादी रंगीत पट्टी, लावा.

४. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा वरचा पलंग शिडीचा असतो. भाव कमी म्हणून तो म्हाताऱ्याला किंवा फार लहान मुलाला देऊ नका.

तिकीट काढण्यापूर्वी

एजंटला हे प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या. फी, कर आणि सेवेचा आकार धरून एकूण बिल किती? खोलीचा नंबर आत्ता मिळेल की कंपनी नंतर ठरवेल? नंतर ठरवणारे तिकीट स्वस्त असते, पण टोकाची खोलीही मिळू शकते. तरुणांना चालेल, म्हाताऱ्यांना नाही. एकटा माणूस गेला तर दुसऱ्या पलंगाचे किती भरावे लागतात? रद्द केले तर किती परत, कोणत्या तारखेपर्यंत? सुटण्याच्या जवळ खोल्या रिकाम्या असल्या तर थोडे भरून वरची खोली मिळते का? मिळते कधी कधी, पण त्या भरवशावर राहू नका. मी राहिलो असतो तरी उपयोग नव्हता, जहाज भरलेले होते. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस असेल तर रुंद दाराच्या खोल्या थोड्याच असतात. त्या सर्वांत आधी मागाव्या.

आणि एक घरगुती सल्ला. सफरीचे पैसे गल्ल्यातून काढू नका आणि सीझनच्या भांडवलाला हात लावू नका. गिरणीवाल्याची उधारी थकवून बाल्कनीत उभे राहण्यात सुख नाही.

तात्पर्य

खोली महाग की स्वस्त हा प्रश्न बाजूला ठेवा. कोण झोपणार, कोण बसणार, कोण रात्री उठणार, हे आधी माणसाप्रमाणे लिहा आणि मग खोल्या वाटा. धडधाकट माणसाला आतली खोली पुरते, त्याने मान-पानासाठी पैसे घालू नयेत. घरातल्या ज्या माणसासाठी सफर काढली आहे, त्याच्या खोलीत मात्र काटकसर करू नये. दुकानात आपण गिऱ्हाईकाचे माप घेतल्याशिवाय कापड फाडत नाही. घरच्या माणसाचे माप न घेता मी तिकीट फाडले. तुम्ही तसे करू नका.